विश्लेषण : सर्व्हर चालू, ट्रक मात्र गेटवर! मध्यम कंपन्यांत आयटी आणि धंद्याची सांगड का बसत नाही?

माल तयार आहे. ट्रक वजनकाट्यावरून उतरला आहे, ताडपत्री बांधून झाली आहे. पण ई-वे बिल निघत नाही. पोर्टलचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो, तो अकाउंट्स विभागातील कर्मचारी पाळी संपवून लोकलने घरी निघाला आहे आणि त्याचा फोन लागत नाही. ट्रक रात्रभर गेटवर थांबतो. आयटी विभागाच्या त्या दिवसाच्या नोंदीत मात्र एकही बिघाड नाही : सर्व्हर चालू, इंटरनेट चालू, तक्रार शून्य. डिस्पॅचचे काम केलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. खालापूर, खोपोली, रसायनी आणि कर्जत या पट्ट्यातील मध्यम कंपन्यांचे कामकाज आता वजनकाट्यापासून पगारापर्यंत संगणकावर चालते. त्या संगणकसेवा कंपनीच्या उद्दिष्टांशी जोडलेल्या आहेत की नाहीत, हा प्रश्न त्यामुळे थेट पैशांचा आणि कामगारांच्या मजुरीचा झाला आहे.

नेमका प्रश्न काय आहे?

कंपनीतील आयटी विभाग आपले काम उपकरणांच्या भाषेत मोजतो. किती तक्रारी आल्या, किती सोडवल्या, सर्व्हर किती तास चालू राहिला, प्रिंटर किती वेळात दुरुस्त झाला. मालक किंवा प्लांट हेड वेगळ्या गोष्टी मोजतो. ट्रक वेळेवर गेले का, ग्राहकाचे पैसे कधी आले, माल किती परत आला, पगार सातच्या आत झाला का. दोन्ही बाजूंचे आकडे आपापल्या जागी बरोबर असतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत.

उदाहरणादाखल एक काल्पनिक कारखाना घेऊ. महिन्याला २०० तक्रारी येतात, त्यातील १९० सुटतात. म्हणजे ९५ टक्के काम फत्ते. पण उरलेल्या १० मध्ये एक तक्रार वजनकाट्याच्या संगणकाची असेल आणि सुटलेल्या १९० मध्ये बहुतेक पासवर्ड व प्रिंटरच्या असतील, तर ९५ या आकड्याला धंद्याच्या दृष्टीने अर्थ उरत नाही. सगळ्या तक्रारी एकाच मापाने मोजल्या की सोप्या आधी सुटतात आणि महत्त्वाच्या मागे राहतात.

आयटी आणि व्यवसाय यांची सांगड हा व्यवस्थापनशास्त्रातला जुना विषय आहे. १९८० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या संगणक संस्थेने सरकारी खात्यांतील संगणकसेवांसाठी ‘आयटिल’ ही कार्यपद्धती तयार करायला घेतली. १९९३ मध्ये जॉन हेंडरसन आणि एन. व्यंकटरमण यांनी ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मधील लेखात व्यवसायाचे धोरण आणि आयटीचे धोरण एकमेकांना जोडण्याचा आराखडा मांडला. मोठ्या कंपन्यांनी यासाठी स्वतंत्र विभाग उभे केले. मध्यम कंपन्यांपर्यंत मात्र ही चर्चा बहुतेक वेळा सॉफ्टवेअर विक्रेत्याच्या माहितीपत्रकातूनच पोहोचते.

कर्जत-खालापूर पट्ट्यात हा प्रश्न वेगळा कसा?

या भागातली औद्योगिक पायाभरणी विजेपासून झाली. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये, तर भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. पुढे खोपोली परिसरात पोलाद, पाइप आणि रसायनांचे कारखाने आले, रसायनी-पाताळगंगा औद्योगिक पट्टा उभा राहिला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने गोदामे आणि मालवाहतूक वाढली. एप्रिल २०१३ मध्ये खालापूर तालुक्यात ‘इमॅजिका’ हे मनोरंजन उद्यान सुरू झाले. कर्जतकडे रिसॉर्ट आणि फार्म हाउसचा व्यवसाय फोफावला.

म्हणजे एकाच टापूत दोन वेगळी घड्याळे आहेत. कारखान्याची घाई संध्याकाळी आणि महिनाअखेरीला असते. मुंबईत अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी प्रवेशबंदी असते, घाटात कोंडी झाली की तास-दोन तास सहज जातात. त्यामुळे ट्रक ठरल्या वेळी सुटला नाही तर एका तासाचा उशीर बघता बघता एका दिवसाचा होतो. रिसॉर्टची घाई शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. देखभाल करणाऱ्या कंपनीची कामाची वेळ ‘सोमवार ते शनिवार, १० ते ६’ असेल, तर ज्या दिवशी बुकिंग, क्यूआर कोड आणि बिलिंग बंद पडणे सर्वात महाग, नेमक्या त्याच दिवशी फोन उचलायला कुणी नसते.

त्यात पावसाळा. सह्याद्रीच्या पायथ्याशी वीज जाणे, केबल तुटणे नवे नाही. म्हणून अनेक जण दोन कंपन्यांची इंटरनेट जोडणी घेतात. पण दोन्ही केबल एकाच खांबावरून किंवा रस्त्याकडेच्या एकाच चरातून येत असतील, तर झाड पडल्यावर किंवा जेसीबीचा फाळ लागल्यावर दोन्ही एकदमच तुटतात. बिल दोन जोडण्यांचे आणि भरवसा एकीचा, अशी ती गत. केबल कुठून येते हे विचारायला पैसे पडत नाहीत, पण करारावर सही करताना हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

मनुष्यबळाचाही मुद्दा आहे. कर्जत-खोपोलीतील अभियांत्रिकी पदवीधरांना ऐरोली, महापेतील आयटी कंपन्या लोकलच्या अंतरावर आहेत. दोन वर्षांत अनुभव घेऊन मुलगा तिकडे गेला की कारखान्याचे पासवर्ड, वायरिंगचा नकाशा आणि ‘तो सर्व्हर असा बंद करून असा चालू करायचा’ हे ज्ञान त्याच्याबरोबरच जाते.

‘मध्यम’ कंपनी म्हणजे कोणती? तिची अडचण काय?

केंद्र सरकारच्या १ एप्रिल २०२५ पासूनच्या सुधारित व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक १२५ कोटी रुपयांपर्यंत आणि उलाढाल ५०० कोटींपर्यंत असलेला उद्योग ‘मध्यम’ ठरतो. लघुउद्योगाची मर्यादा अनुक्रमे २५ आणि १०० कोटी आहे.

या आकाराच्या कंपनीची कोंडी अशी की तिच्यावरची बंधने मोठ्या कंपनीसारखी आणि आयटीची माणसे छोट्या दुकानाइतकी असतात. अनेक ठिकाणी आयटी म्हणजे एक-दोन जण, तेही अकाउंट्स विभागाच्या हाताखाली. उत्पादन, डिस्पॅच आणि मनुष्यबळ विभाग स्वतःची सॉफ्टवेअर परस्पर घेतात. बैठकीत आयटीचा विषय निघतो तो दोनच वेळा : काही बंद पडले तेव्हा आणि वार्षिक देखभाल कराराचे बिल आले तेव्हा.

कायद्यांनी काय बदलले?

गेल्या काही वर्षांत संगणक बंद असणे म्हणजे कागदोपत्री कारखानाच बंद असणे, अशी स्थिती आली आहे. व्यापारी ग्राहकाला दिलेल्या बिलासाठी ई-इनव्हॉइस ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांपासून सुरू झाले. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी व त्याहून अधिक उलाढालीच्या व्यावसायिकांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर नोंदवावे लागते.

माल हलवण्यासाठी ई-वे बिल लागते. परराज्यात जाणाऱ्या मालासाठी ५० हजार रुपयांहून अधिक, तर महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीसाठी १ लाख रुपयांहून अधिक मूल्य ही सर्वसाधारण मर्यादा आहे. साधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस याप्रमाणे त्याची मुदत धरली जाते. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल व ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवर लॉगिन करताना सर्वांनाच ओटीपीसारखी दुहेरी पडताळणी सक्तीची झाली. सुरुवातीला सांगितलेला ट्रक याच ठिकाणी अडकतो.

हिशेबाच्या बाबतीत, १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी आणि बंद करता न येणारी सोय असणे बंधनकारक आहे. हिशेबाच्या पुस्तकांचा रोजचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर ठेवावा लागतो. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचे असतात आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे असतात. हे सगळे नियम अकाउंट्स विभागाचे वाटतात, पण ते पाळण्याची क्षमता आयटीकडे असावी लागते.

‘९९.५ टक्के सेवा’ या हमीत गोम कुठे?

सेवा पुरवठादाराच्या करारात ‘९९.५ टक्के उपलब्धता’ असे लिहिलेले असते. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास होतात. त्यांचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटे. म्हणजे महिन्यात एवढा वेळ सेवा बंद राहिली तरी करार पाळला गेला, असाच त्याचा अर्थ. हीच हमी ९९ टक्क्यांची असेल तर ७ तास १२ मिनिटे आणि ९९.९ टक्क्यांची असेल तर सुमारे ४३ मिनिटे.

हे साडेतीन तास रविवारी पहाटे गेले तर कारखान्याला पत्ताही लागत नाही. तेच ३१ मार्चच्या संध्याकाळी गेले तर वर्षाची विक्री पुढच्या वर्षात ढकलली जाते. टक्केवारी सारखीच, नुकसान मात्र वेगळे. म्हणून करारात टक्क्यांइतकेच घड्याळ महत्त्वाचे : कोणत्या सेवेसाठी कोणते तास कळीचे, हे लिहिलेले हवे.

दुसरी गोम ‘प्रतिसाद’ या शब्दात असते. ‘४ तासांत प्रतिसाद’ म्हणजे ४ तासांत फोन करणे किंवा माणूस पाठवणे. दुरुस्ती किती तासांत, याचा त्यात उल्लेख असेलच असे नाही. ही दोन कलमे वेगवेगळी मागून घ्यावी लागतात.

न्हावा शेवात २०१७ मध्ये काय घडले?

सांगड न बसल्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे उदाहरण रायगड जिल्ह्यातच आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा सायबर हल्ला युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमार्गे जगभर पसरला. त्याचा मोठा फटका मर्स्क या जहाज कंपनीला बसला आणि तिच्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या न्हावा शेवातील ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’चे कामकाज विस्कळीत झाले. क्रेन शाबूत होत्या, कामगार हजर होते, पण कोणता कंटेनर कुठे आहे हे सांगणारी यंत्रणाच बंद होती.

हल्ल्यात वापरलेल्या विंडोजमधील प्रमुख त्रुटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता. मर्स्कने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलर इतके सांगितले. सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. यातला एक तपशील लोडशेडिंग पाहिलेल्यांना विशेष वाटेल. जगभरच्या संगणकांची ओळख सांभाळणाऱ्या सर्व्हरची एकमेव शाबूत प्रत कंपनीच्या घानातील कार्यालयात मिळाली, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती.

एवढी मोठी कंपनी नशिबाने वाचली. मध्यम कंपनीने नशिबावर न विसंबता दोन प्रश्न आधीच सोडवून ठेवायचे असतात. ही सेवा जास्तीत जास्त किती वेळ बंद चालेल? आणि किती तासांची नोंद गेली तरी ती पुन्हा भरता येईल? याची उत्तरे आयटीकडे नसतात, ती डिस्पॅच, उत्पादन आणि अकाउंट्सकडे असतात. आयटीचे काम ती उत्तरे परवडणाऱ्या खर्चात खरी करून दाखवणे.

मग सांगड घालायची कशी?

याला मोठे सॉफ्टवेअर लागत नाही, सुरुवात एका कागदावर होते.

पहिली पायरी, सेवांची यादी धंद्याच्या शब्दांत करणे. ‘सर्व्हर क्रमांक २’ किंवा ‘फायरवॉल’ असे न लिहिता ‘ट्रक गेटबाहेर पडणे’, ‘कच्चा माल आत घेणे’, ‘हजेरी आणि पगार’, ‘गुणवत्ता प्रमाणपत्र देणे’ असे लिहायचे. मग प्रत्येकापुढे ती सेवा कशाकशावर उभी आहे ते मांडायचे. ‘ट्रक गेटबाहेर पडणे’ याखाली वजनकाटा, त्याचा संगणक, प्रिंटर, बिलिंगचे सॉफ्टवेअर, इंटरनेट, पोर्टलचे लॉगिन आणि ओटीपीचा मोबाइल अशी साखळी निघते. यातील शेवटची कडी आयटीच्या कोणत्याच यादीत नसते. उपायही फुकट आहे : पोर्टलवर दुसऱ्या पाळीच्या कर्मचाऱ्यासाठी उप-वापरकर्ता तयार करता येतो आणि त्याचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो.

दुसरी पायरी, प्रत्येक सेवेला धंद्याच्या बाजूचा धनी देणे. वजनकाट्याची सेवा डिस्पॅच प्रमुखाची, हजेरीची मनुष्यबळ विभागाची. तिचे कळीचे तास आणि बंद राहण्याची मर्यादा धन्याने सांगायची, आयटीने त्याचा खर्च सांगायचा. ‘पंधरा मिनिटांहून जास्त चालणार नाही’ असे म्हणणाऱ्यासमोर त्याची किंमत आली की पुष्कळदा ‘दोन तास चालतील, तोवर हाताने चलन लिहू’ असा व्यवहारी मार्ग निघतो. मात्र तो हाताने करायचा मार्गही लिहून ठेवलेला आणि एकदा करून पाहिलेला हवा.

तिसरी पायरी, मोजमाप बदलणे. आयटीच्या मासिक अहवालात पहिली ओळ ‘संगणक किंवा नेटवर्कमुळे किती ट्रक अडकले, किती वेळ’ ही असावी. सोडवलेल्या तक्रारींची संख्या त्याखाली.

चौथी पायरी, महिन्यातून एक तासाची बैठक. पुढील तीन महिन्यांत धंद्यात काय बदलणार आहे, हे आयटीला तिथे कळले पाहिजे. नवा ग्राहक प्रत्येक बॅरलवर बारकोड मागणार असेल किंवा तिसरी पाळी सुरू होणार असेल, तर ते आयटीला ऑर्डर आल्यावर समजून उपयोग नाही.

कामगाराच्या हजेरीशी याचा काय संबंध?

आयटीची प्राथमिकता ठरवताना ज्याचा आवाज मोठा त्याचे काम आधी होते. संचालकांच्या लॅपटॉपची तक्रार दहा मिनिटांत सुटते, गेटवरचे हजेरीचे यंत्र दोन दिवस बंद राहते. त्या यंत्रावर खालापूर-कर्जतच्या वाड्यांमधून येणाऱ्या ठेका कामगाराचा दिवस अवलंबून असतो. हाताने काम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजतात आणि यंत्र ते वाचत नाही. नोंद झाली नाही तर ठेकेदाराच्या बिलात तो दिवस येत नाही आणि मग हजेरी सिद्ध करण्याचा भार कामगारावर पडतो.

कायद्यानुसार मासिक वेतन पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचे असते. म्हणजे ‘हजेरी आणि पगार’ ही सेवा यादीत वरच्या क्रमांकावर असायला हवी. तिथे यंत्राला पर्याय म्हणून सहीचे रजिस्टर आणि चूक त्याच आठवड्यात दुरुस्त करण्याची सोय लागते. शिवाय ठसे, चेहरे आणि आधारची माहिती साठवणाऱ्या कंपन्यांवर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ ची जबाबदारी येते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. कायद्यातील दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

खर्चाचा निर्णय कसा बदलतो?

विंडोज १० ची मोफत नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. कारखान्यात असे १०० संगणक असतील तर सगळे एकदम बदलणे परवडत नाही आणि काहीच न करणे धोक्याचे. सेवांची यादी हाताशी असली की क्रम आपोआप ठरतो. बिलिंग, बँक आणि पोर्टल वापरणारे संगणक आधी. यंत्राला जोडलेला जुना संगणक बदलता येत नसेल तर त्याला इंटरनेटपासून तोडून वेगळ्या जाळ्यात ठेवायचे. कॉन्फरन्स रूममधला शेवटी.

यात धोके कोणते?

‘धंद्याशी सांगड’ या नावाखाली केवळ खर्चकपात होऊ शकते. बॅकअपची चाचणी, जुन्या पासवर्डची साफसफाई, वायरिंगचा नकाशा या गोष्टी ट्रक पुढे ढकलत नाहीत, म्हणून त्या यादीतून गळतात. त्यासाठी वेगळा राखीव वेळ ठेवावाच लागतो. दुसरे असे की कंपनीचे उद्दिष्टच स्पष्ट नसेल तर आयटी कशाला जुळवणार? विक्री विभागाला झटपट माल हवा, खरेदीला कमी साठा हवा, उत्पादनाला मोठे लॉट हवेत. हा वाद ईआरपी घेतल्याने मिटत नाही, फक्त पडद्यावर दिसू लागतो. तो व्यवस्थापनानेच सोडवायचा असतो.

मध्यम कंपनीची एक बाजू मात्र जमेची आहे. मोठ्या कंपनीत आयटी प्रमुख आणि गेटवरचा डिस्पॅच कारकून एकमेकांना कधी भेटत नाहीत. खोपोली-रसायनीच्या कारखान्यात ते एकाच कँटीनमध्ये जेवतात. सेवांची पहिली यादी करायला दोघांना अर्धा दिवस पुरेल. ती भिंतीवर लावायची की फाइलमध्ये ठेवायची, हे प्लांट हेडने ठरवायचे आहे.